वाचकाचा शब्द

दिवाळी सरते, फराळाचे डबे रिकामे होतात आणि मराठी घरांतून व वाचनालयांतून एक प्रश्न महिना-दीड महिना फिरत राहतो : यंदा कोणता अंक चांगला आहे? काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरांहून अधिक वर्षे हा प्रश्न विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर जाहिरातीवरून सहसा कोणी घेत नाही. ते शेजाऱ्याकडून घेतले जाते, कचेरीतल्या सहकाऱ्याकडून घेतले जाते, वाचनालयात पुस्तके बदलून देणाऱ्या कर्मचाऱ्याकडून घेतले जाते. एका वाचकाने दुसऱ्याला ‘हे वाचा’ म्हणून सांगणे ही मराठी वाङ्मयव्यवहारातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत विश्वासार्ह व्यवस्था होय. तिची आज काय अवस्था आहे याचा विचार मात्र क्वचितच होतो.

वाचन घटले, अशी ओरड प्रत्येक पिढी करते. नभोवाणीच्या नावाने ती झाली, दूरचित्रवाणीच्या नावाने झाली, आता भ्रमणध्वनीच्या नावाने होत आहे. तिच्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु ती प्रश्नाच्या चुकीच्या टोकाला हात घालते. ग्रंथप्रदर्शनांतून फिरणारी माणसे पाहिली तर वाचण्याची इच्छा आटली आहे असे दिसत नाही. दिसते ते हे की, मांडलेल्या ढिगापुढे उभा राहिलेला माणूस गोंधळतो, ओळखीचे नाव शोधतो आणि तेच घेऊन परततो. त्याच्या आवडीनिवडी ठाऊक असलेला, चार पुस्तके अधिक वाचलेला असा कोणी त्याच्या आसपास उरलेला नाही.

पूर्वी तो होता, आणि त्याची बसण्याची जागाही ठरलेली होती. पुण्यात १८४८ साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली, तिच्या उभारणीत पंचविशीतील लोकहितवादी होते. त्याच वर्षी त्यांची शतपत्रे ‘प्रभाकरा’त येऊ लागली. हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. ग्रंथ एकत्र ठेवणे आणि त्यांविषयी बोलणे ही त्या पिढीच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती. पुढे ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली, ती लोकांच्या वर्गणीतून आणि लोकांच्या आग्रहातून. वर्गणी देणारा सभासद ‘अमुक पुस्तक का आणले नाही’ असे हक्काने विचारी, आणि चिटणीसाला उत्तर द्यावे लागे.

या बोलण्याला छापील रूप देण्याचे श्रेय काही अंशी ‘ललित’ मासिकाकडे जाते. केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ते सुरू केले आणि चोखंदळ वाचकांची निवड छापून वाचकाच्या पसंतीला समीक्षकाच्या मताशेजारी जागा दिली. १९७५च्या सुमारास ‘ग्रंथाली’ने तर वाचक चळवळ असेच नाव धारण केले आणि वाचकांनाच सभासद करून घेऊन पुस्तके त्यांच्यापर्यंत नेली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८० साली या मार्गाने आला. ज्या मध्यमवर्गीय घरांच्या अनुभवाला गावकुसाबाहेरचे जग परके होते, तेथे ही पुस्तके पोचली आणि वाचली गेली. नामवंतांच्या स्वागताचा त्यात वाटा होताच. पण एकाने वाचून दुसऱ्याच्या हाती ठेवल्यावाचून एवढी मजल गाठता आली नसती. अस्वस्थ करणारे पुस्तक दुकानाच्या मांडणीवरून आपण होऊन कोणी सहसा उचलत नाही. ते कोणीतरी द्यावे लागते.

आज शिफारशींना तोटा नाही, उलट त्यांचा पूर आहे. अमुक पंचवीस पुस्तके वाचलीच पाहिजेत, तमुक दहा वाचल्यावाचून मरू नये, अशा याद्या रोज भ्रमणध्वनीवर येऊन आदळतात. बहुतेक याद्यांत ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’ असतात. या कादंबऱ्यांविषयी तक्रार नाही. पण १९६२ची ‘स्वामी’ आणि १९६७ची ‘मृत्युंजय’ यांना मराठी वाचक यादीवाचूनही गाठतोच. जे त्याला सहज भेटले नसते, ते यादीत नसते. दुसरीकडे विक्रेत्यांची यंत्रे मागल्या खरेदीवरून पुढली सुचवतात. ऐतिहासिक कादंबरी घेतली की आणखी ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्र घेतले की आणखी चरित्रे. यंत्राची स्मरणशक्ती दांडगी आहे हे मान्यच. परंतु ते वाचकाला तो आहे तेथेच बसवून ठेवते. एखादा खोडकर मित्र रहस्यकथा वाचणाऱ्याच्या हाती दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ ठेवतो, तसले धाडस यंत्राला सुचत नाही.

शिफारस म्हणजे स्तुती नव्हे, हेही विसरले गेले आहे. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द झालो’, ‘प्रत्येकाने वाचावे’ ही विशेषणे पुस्तकाविषयी काहीच सांगत नाहीत. प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक जगात बहुधा नाही. खरी शिफारस हे पुस्तक कोणासाठी, कोणत्या वेळेसाठी, हे सांगते; ते कोठे रेंगाळते हेही लपवीत नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. हकीकत त्याने लिहिली १८८३च्या सुमारास आणि ती छापली गेली १९०७ साली, तीही चिंतामणराव वैद्यांचा हात फिरून. मूळ बखरीचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. हे पुस्तक सुचवताना ‘रोमहर्षक’ म्हणून सोडून देणे हा अन्याय आहे. कर्ज, दक्षिणा, गंगेच्या कावडी यांचा हिशेब जितक्या बारकाईने ठेवणारा माणूस, तितक्याच बारकाईने झाशीतली कत्तल सांगतो, आणि त्यामुळेच ती खरी वाटते, एवढे सांगावे. कोणता पाठ घ्यावा हेही सांगावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देताना तिचा बहुतांश भाग हसत वाचला जातो हे आधी सांगितले, तर थोर आत्मचरित्र म्हणून घाबरून बाजूला ठेवणारे कितीतरी लोक ती उघडतील.

असे सांगणारी माणसे घडण्याची स्वाभाविक जागा म्हणजे गावचे वाचनालय. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची प्रतवारी आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता, हे येथे अभिमानाने सांगण्याजोगे. राज्याचा कायदा १९६७ साली झाला. मात्र मद्रासच्या १९४८च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकर त्याने ठेवला नाही. परिणामी सारा भार शासकीय अनुदानावर. ते वर्षानुवर्षे गोठलेले राहिले आणि २०२२ साली ६० टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला. वाढीनंतरही लहान गावातील ग्रंथपालाच्या हाती जे पडते, त्यात त्याचे घर चालत नाही. तो सकाळी शेतात किंवा दुकानात असतो, संध्याकाळी दोन-तीन तास वाचनालय उघडतो. त्याने नवी पुस्तके वाचून सभासदांना सुचवावीत ही अपेक्षा रास्त आहे; ती फुकटात करणे रास्त नाही.

याहून अधिक सलणारी बाब खरेदीची आहे. अनुदानाचा ठरीव भाग ग्रंथांवर खर्च झाल्याचे दाखवावे लागते. मग वर्षअखेरीस, जो पुरवठादार अधिक सूट देईल त्याच्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे उचलले जातात. केवळ ग्रंथालयांच्या कपाटांसाठीच छापलेली, फुगवलेल्या किमतीची पुस्तके या वाटेने शिरतात आणि तशीच, पान न कापता, पडून राहतात. हिशेब बिनचूक असतो. तपासणी पार पडते. वाचकाने मागितलेले पुस्तक मात्र ‘अनुदान आल्यावर बघू’ या सदरात जाते. दरेक ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे, असा दंडक रंगनाथन यांनी १९३१ सालीच घालून दिला होता. येथे ग्रंथाला पुरवठादार भेटतो आणि लेखापाल भेटतो. वाचक तेवढा भेटत नाही.

सगळीकडे असेच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांतून फिरतात. दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंतही त्या गेल्या आहेत. पेटी बदलायला जमलेली माणसे साहजिकच विचारतात, ‘यातले काय वाचलेत?’ भिलारला २०१७पासून पुस्तकांचे गाव आहे. तेथे घराघरांत पुस्तके मांडलेली असतात आणि पाहुण्याला घरचे कोणी सोबत असले तर बोलणे निघते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी भाषणे पुष्कळ होतात. शाळेतल्या मुलामुलींनी उभे राहून एकेका पुस्तकाविषयी, ते आवडले की नाही आणि का, एवढेच सांगितले, तर पाहुण्या वक्त्याची गरज उरणार नाही.

वाचनालयांपुरते बोलायचे तर मागणी-वही बहुतेक ठिकाणी असते. ती कपाटात कुलपाखाली नसून देवघेवीच्या टेबलावर असावी. वर्षभरात वहीत नोंदलेली पुस्तके एका बाजूला आणि प्रत्यक्ष खरेदी केलेली दुसऱ्या बाजूला, अशी यादी किमतीसह आणि मिळालेल्या सुटीसह दर्शनी फलकावर लावण्याचे बंधन ग्रंथालय संचालनालयाने अनुदानाबरोबरच घालावे. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल. फलकावरच्या दोन रकान्यांत किती नावे जुळतात, हे सभासद स्वतःच मोजतील.