आधी दोरा तरी बदला!

मंडळी, आज जरा भांडायचंय. कोणाशी, ते ज्याचं त्याला कळेलच!

जुना डाग तुटला की थेट मोडीला, असं एक नवं खूळ आपल्या घरांत शिरलंय. "काकू, कोण बसणार दुरुस्त करत? एक्स्चेंज ऑफर आहे ना!" आमच्या नात्यातल्या एकीने आजेसासूबाईंचा तन्मणी असाच देऊन टाकला. सोन्याचं वजन झालं, तूट वजा झाली, आणि मोती? ते प्लॅस्टिकच्या पुडीत घालून परत हातात. त्यांचे काही येत नाहीत म्हणे. खोडाचं सोनं गेलं मुशीत. आणि मोडलं काय होतं, तर एक पदर. बिघाड दोऱ्याचा, शिक्षा सोन्याला!

गरजेला सोनं मोडावंच, त्यासाठीच ते असतं. मुलांच्या फीसाठी कुणी पाटल्या मोडल्या तर मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण आळसाशी आहे. जुने दागिने बहुतेक वेळा धातूत मोडत नाहीत, दोऱ्यात नाहीतर कडीत मोडतात. आणि ही दोन्ही कामं घरची आहेत.

आपल्याकडे मंगळसूत्र 'तुटलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. अंधश्रद्धा म्हणा हवं तर. (मराठीची मास्तरीण आहे, शब्दांवर घसरणारच.) पण त्या शब्दामागे एक शिस्त होती. वाढलेली पोत त्याच दिवशी ओवायची. दुपारी ताट घेऊन बसायचं, शेजारीण मदतीला. 'वेळ नाही' हे तेव्हा कोणी म्हटलेलं आठवत नाही, आणि घरात माणसं दहा-दहा असायची.

आता मोत्यांचा सर कसा ओवायचा ते ऐका. दोरा कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जाड टॉवेल पसरून त्यावर मणी आहेत त्याच क्रमाने मांडा. ताटात ते घरंगळतात. दोरा रेशमी घ्या, नायलॉनचा नको, तो ताठ राहतो आणि सर गळ्यावर नीट बसत नाही. दोऱ्याला थोडं मेण चोळा. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारा आणि गाठीत सुई घालून ती मोत्यापर्यंत सरकवत न्या, मगच सुई काढा. पहिल्या चार-पाच गाठी वाकड्या येतील, उसवा आणि पुन्हा मारा. गाठींमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तरी एखादाच मोती पडतो, सगळे सोफ्याखाली जात नाहीत.

कडी उघडली असेल तर दोन बारीक चिमटे घ्या. टोकं एकमेकांपासून लांब ओढू नका, गोल बिघडतो. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं बाजूला वळवा. बंद करताना त्याच वाटेने उलट. उगाच चार वेळा उघडझाप करू नका, तार कडक होऊन तुटते.

आता त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाबद्दल. कृपा करून तो दागिन्यांजवळ आणू नका! त्याच्या वाफेने खड्याभोवती पांढुरकी साय धरते आणि धक्का लागला की जोड तडकतो. साध्या दागिन्याचा खडा निसटला तर दोन नळ्या मिसळून करायचा गोंद काडीच्या टोकाने लावा आणि रात्रभर हात लावू नका.

लिंबाने मोती उजळतात असं सांगणारेही भेटतात. शहाबादी फरशीवर लिंबू सांडल्यावर काय होतं ते आठवा. मोतीही त्याच जातीचा, कॅल्शियम कार्बोनेट. तो पुसायचा मऊ ओल्या फडक्याने, बस्स. आणि लाख भरलेली बोरमाळ उकळत्या पाण्यात घालू नका, लाख मऊ होते.

झाळायचं काम मात्र घरी नाही. सोनं चिरलं असेल, नथीची तार तुटली असेल, तर हातकाम करणारा जुना सोनार शोधा. वजन आपल्यासमोर करून घ्या, पावतीवर 'दुरुस्तीसाठी' असं लिहून घ्या. तो "मोडच द्या, नवं करून देतो" म्हणेल. ऐकू नका. काम होईपर्यंत समोर बसा. चहा मागवला तर घ्या.