देवदार आणि बुरांश

हिमाचल प्रदेशाने आपला राज्यवृक्ष म्हणून देवदार निवडिला. शेजारच्या उत्तराखंडाने बुरांश. यांत थोर कोणता, असा प्रश्न वर्गात निघाला, तेव्हा बहुतेक मुलांनी देवदारासाठी हात वर केले. तो सरळ, उंच. त्याच्या सुगंधी लाकडास सहसा कीड लागत नाही. पण याच गुणापायी इंग्रजी अमदानीत आगगाडीच्या रुळांखालील स्लीपरांसाठी देवदारांवर कुऱ्हाड चालली! बुरांश बापडा वाकडातिकडा. मात्र देवदारास कधी न येणारे फूल त्यास येते, आणि वसंतात डोंगर लाल होतो. पहाडी लोक त्या फुलांचे सरबत करितात. झाड उभेच राहते. आमचे मत बुरांशास पडले. चुलीसाठी त्याच्याही फांद्या तुटतात, हेही आम्हांस सांगावे लागले.