वाढत्या अंगाची काठी

काठीच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. छडी, लाठी, सोटा, दांडू, मुसळ अशी किती नावे सांगावीत! मौज अशी की, कोणती काठी कुठे धरायची हे नावाबरोबरच कळते. छडी टोकाला धरायची, मुसळ मध्यावर. ज्या बाईने एकदाही कांडण केलेले नाही तीसुद्धा मुसळ शेंड्याला धरणार नाही. पण बिलियर्ड्सच्या ‘क्यू’ला आपल्याकडे शब्दच रुजला नाही. त्यामुळे तिला धरायचे कुठे, हे ज्याचे त्याने ठरवावे असा समज झाला असावा. मी तिला इथे नुसते ‘काठी’ म्हणणार आहे.

मराठीच्या प्राध्यापकाला ह्या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारील. त्यांना सांगतो की हा खेळ आपल्याला परका नाही. स्नूकर जन्मले जबलपुरात, १८७५ साली, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या डोक्यातून. (इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन निराळे.) आणि बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जिंकणारे विल्सन जोन्स जन्माने पुण्याचे. आता तर जिमखान्याची पायरी न चढलेल्या घरांतही हा खेळ पोचला आहे. कित्येक सोसायट्यांच्या क्लबहाउसात सहा खिशांचे पूलचे टेबल असते आणि सुट्टीत त्याच्याभोवती मुलांची ही गर्दी!

आमच्याही सोसायटीत आहे. तिथे चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली दहा वर्षांची मुलगी मन लावून खेळायची आणि सतत हरायची. तिचा नेम चुके, चेंडू भलतीकडे जाई. “हिचा हातच स्थिर नाही हो सर,” तिचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले. “अक्षर पाहा, चित्रकला पाहा, सगळीकडे तेच.” मुलीने काठी खाली ठेवली. ती पुढे चार दिवस तिकडे फिरकली नाही.

मला ते लागले. अक्षर वाईट म्हणून मुलांच्या हातांना बोल लावणारे पालक मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, आणि त्यातल्या निम्म्या वेळा दोष लेखणीत किंवा बाकाच्या उंचीत असतो. मी माझ्या ओळखीच्या एका वृद्ध मार्करांना गाठले. गुण मोजण्यात आणि काठ्यांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी पहिला प्रश्न विचारला, “मुलगी केवढी, काठी केवढी?”

मुलगी उभी राहिली की ५२ इंच भरते. काठी ५८ इंच, म्हणजे मुलीपेक्षा अर्धा फूट उंच! पूलची पुऱ्या मापाची काठी साधारण एवढीच असते, आणि क्लबहाउसातल्या साऱ्या काठ्या एकाच मापाच्या.

मामांनी मग मला जे समजावले ते वाचकांपुढे ठेवतो. खेळाडूचा डावा हात टेबलावर टेकलेला असतो. त्यावरून काठी सरकते. त्याला आपण टेकू म्हणू. उजव्या हातात मूठ. कोपर जागच्या जागी राहते आणि त्याखालचा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलतो. काठीचे टोक चेंडूला लागते त्या क्षणी हा हात सरळ खाली लोंबता असला पाहिजे. लंबक तळाशी आला की काही अंतर जवळजवळ सपाट जातो, आणि काठीही सपाट जाते.

आता मूठ तीन इंच मागे घ्या आणि टोक चेंडूपासून इंचभर लांब ठेवा. मोठ्या माणसाच्या कोपरापासून मुठीपर्यंत चौदा इंच धरले, तर ह्या शेवटच्या इंचात मूठ सुमारे साडेचार मिलिमीटर खाली येते आणि पुढचे टोक एक मिलिमीटरहून थोडे जास्त वर चढते. हात सरळ लोंबता असता तर हीच चढ एक पंचमांश मिलिमीटर झाली असती. मूठ फार पुढे धरली तर उलटे: हात तळ ओलांडून वर चाललेला असतो, म्हणून टोक खाली जाते. मामांचे सूत्र सोपे आहे: “मूठ मागे तर टोक वर, मूठ पुढे तर टोक खाली.” एवढ्याशा मिलिमीटरने काय बिघडते? चेंडूचा व्यास ५७ मिलिमीटर. टोक मध्याच्या वर लागले की पुढची फिरकी, खाली लागले की मागची. जागच्या जागी थांबायला हवा तो चेंडू पुढे सरकतो.

मूठ मागे धरली की जोर वाढतो, असे पुष्कळांना वाटते. हातोडीचा दांडा टोकाला धरला की घाव जोरात बसतो, त्यावरून हा तर्क. पण हातोडी फिरते, काठी सरकते. मागे धरल्याने झोका घ्यायला जागा मिळाली तर मिळेल, एरवी पदरात काही पडत नाही. काठीवर दोरा बांधून ‘इथेच धर’ म्हणणारेही गुरू आहेत. मला तो दोरा पटत नाही. चेंडू लांब असला की टेकू पुढे जातो आणि मूठ मागे सरकते. चेंडू कडेला चिकटला की मूठ पुढे आणावी लागते. खूण काठीवर नसते, लोंबत्या हातात असते.

आता त्या मुलीकडे वळू. प्रौढ माणसाचा टेकू टोकापासून नऊ इंचांवर, मूठ बुंध्यापासून तेरा इंचांवर. मध्ये उरले छत्तीस इंच. मुलीच्या दोन हातांमध्ये मुळी अंतरच अठ्ठावीस इंचांचे. मोठ्यांसारखी तेराव्या इंचावर मूठ धरली की टेकूच्या पुढे सतरा इंच काठी लोंबते. मग मूठ एक सेंटिमीटर जरी बाजूला डगमगली, तरी टोक सहा मिलिमीटर हलते! मोठ्या माणसाच्या हातून तीच डगमग झाली तर टोक अडीच मिलिमीटर हलते. हाताची अस्थिरता तेवढीच. ती दाखवणारी काठी मात्र दुपटीहून अधिक चहाडखोर.

टेकू नऊ इंचांवर ठेवला, तर मूठ बुंध्यापासून एकविसाव्या इंचावर येते. काठीचा तोल सहसा अठराव्या इंचाच्या आसपास असतो. म्हणजे तोल मुठीच्या मागे! बुंधा खाली ओढतो, टोक टेकूवरून उचलते आणि ते दाबून ठेवण्यासाठी मुलगी मूठ आवळते. आवळलेली मूठ सरळ जात नाही. त्या मुलीपुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही बंद.

हे सारे मी वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “पण सर, पोरगी वाढणारच ना? उद्या लागेलच ती काठी.” वाढत्या अंगाचे कपडे घेणारी आपली जात! पण फ्रॉकला दुमड घालता येते, काठीला नाही. मग त्यांनी जुन्या काठीचा बुंधा दहा इंच करवतीने कापण्याची कल्पना काढली. मामांनी कानांवर हात ठेवले. काठीचे वजन बुंध्यातच भरलेले. तो कापला की तोल पुढे जातो आणि टोक जड होते. पुढून कापावे तर टोक भलतेच जाड होते. नियमांचीही अडचण नाही: स्नूकरची काठी तीन फुटांहून आखूड नसावी, पूलची चाळीस इंचांहून, एवढीच अट. लहानांसाठी ४८ आणि ५२ इंची काठ्या बाजारात मिळतात.

अखेर ४८ इंची काठी आली. मूठ अकराव्या इंचावर, टेकू नवव्या. मध्ये बरोबर अठ्ठावीस. पहिल्या संध्याकाळी वडिलांनी तिचा फटका बाजूने मोबाइलवर टिपला आणि चेंडूला टोक लागते तिथे चित्र थांबवून पाहिले. हात सरळ लोंबता होता. त्यांनी ते चित्र आजीला पाठवले, अक्षराबद्दल एक शब्द न काढता.

ती काठी सध्या मुलीच्या नाकापर्यंत येते. ती हनुवटीच्या खाली गेली की ५२ इंची घ्यायची, असे घरात ठरले आहे. तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती काठीशेजारी ताठ उभी राहते आणि वडील वाकून पाहतात. ४८ इंचीवर धाकट्या भावाने आजच हक्क सांगून ठेवला आहे.