बळकट पण नाजूक पाने

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या मराठी माणसाला पोकरमध्ये पहिला धक्का बसतो तो क्रमवारीचा. तीन पत्तीत तीन सारखी पाने, म्हणजे ट्रेल, सर्वश्रेष्ठ. एकाच जातीची पाने, म्हणजे ‘कलर’, बरेच खाली. पाच पानांच्या पोकरमध्ये हे उलटते. २५,९८,९६० संभाव्य हातांपैकी तीन सारख्या पानांचे हात ५४,९१२ आहेत, तर एकाच जातीच्या पाच पानांचे, म्हणजे फ्लशचे, केवळ ५,१०८. त्यामुळे तेथे बळकट हातही नाजूक ठरू शकतो.

टेक्सास होल्डेम या प्रकारातील उदाहरण घेऊ. आपल्या हाती दोन गुलाम आहेत. टेबलावर बदाम गुलाम, बदाम सत्ती आणि किलवर दुर्री. प्रतिस्पर्ध्याजवळ दोन बदाम असतील, तर पुढच्याच पानावर त्याचा फ्लश होण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे सुमारे १९ टक्के. (बदाम दुर्री आल्यास आपले फुल हाउस होते, तो तपशील येथे सोडू.) डावात १०० रुपये असताना आपण २५ लावले, तर त्याला १५० च्या डावासाठी २५ द्यावे लागतात. ही किंमत १७ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून पुढचे पान पाहणे त्याच्या दृष्टीने योग्यच. आपण ७५ लावले, तर २५० साठी ७५, म्हणजे ३० टक्के; आता पाहणे सहसा तोट्याचे. बळ लपवून ठेवणारा खेळाडू धूर्त नसतो. तो प्रतिस्पर्ध्याला स्वस्तात संधी देत असतो.

तरीही तो पैसे देईल, आणि पाचातून एकदा बदाम येईलच. अशा वेळी संतापून सारे ओतणे जितके चूक, तितकेच घाबरून पाने फेकणेही. टेबलावर जोडी जमून आपले फुल हाउस किंवा चौकडी होण्याची शक्यता ४६ पैकी १०, म्हणजे सुमारे २२ टक्के उरते. समोरून मागितलेली किंमत तिच्याशी ताडून पाहावी आणि मग ठरवावे.

प्रशासनात मला याची आठवण वारंवार होते. पुराच्या इशाऱ्यावर गाव हलवावे आणि पाणी न यावे, तर खर्चाची चौकशी होते. न हलवता पाणी आले, तर माणसे जातात. निर्णय बरोबर असूनही निकाल उलटा लागू शकतो, हे आपल्या तपासणी यंत्रणेला क्वचितच मान्य असते. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १३(१)(ड) नुसार, लोकहिताविना कुणाला आर्थिक लाभ झाल्यास, अधिकाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी तो गुन्हेगार ठरू शकत असे. ती तरतूद २०१८ मध्ये गेली. भीती मात्र गेली नाही. म्हणूनच अनेक फायली ‘चर्चा करावी’ या शेऱ्याखाली पडून राहतात. हीच ती २५ रुपयांची बोली.

माझे मत असे की, चौकशीचा पहिला प्रश्न ‘काय घडले?’ हा नसावा. ‘त्या दिवशी काय ठाऊक होते?’ हा असावा. अर्थात हे संरक्षण हिशेब मांडणाऱ्यालाच मिळावे, बेफिकिराला नव्हे. यासाठी अधिकाऱ्याने टिपणीत ज्ञात माहिती, संभाव्य धोका आणि विलंबाची किंमत स्वच्छ लिहावी. पुढे बदाम आला तरी ती टिपणी त्याची बाजू मांडेल. आणि न लिहिणाऱ्याजवळ त्या दिवशी फक्त नशिबाची तक्रार उरेल.