बदाम फोडून बघा

मुबारकियाच्या बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानापुढे उभं राहिलं की भाव विचारायच्या आधीच पलीकडून प्रश्न येतो, "नी, वल्ला महम्मस?" कच्चे हवेत की भाजलेले? कुवेतला आले त्या पहिल्या हिवाळ्यात हा प्रश्न मला कळलाच नव्हता. शब्द कळले नव्हते आणि बदामाच्या बाबतीत तो का विचारावा, हेही कळलं नव्हतं. आपल्याकडे बदाम म्हणजे कच्चा. रात्री चार भिजत घालायचे, सकाळी सोलून मुलाच्या हातावर ठेवायचे. सणावाराला काप करून श्रीखंडावर किंवा शिऱ्यावर पेरायचे. भाजायचे ते शेंगदाणे. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी दाणे भाजल्याशिवाय आठवडा सरत नसे, पण आईने बदाम भाजलेला मी एकदाही पाहिला नव्हता.

इथे उलट आहे. अरबीत बदामाला 'लौझ' म्हणतात आणि जुने कुवेती लोक 'बेधान' म्हणतात. तो शब्द फारसी 'बादाम'चाच बदललेला उच्चार. आपला बदामही तिथूनच आला. पाहुण्यापुढे ताटली येते तेव्हा तिच्यातले बदाम भाजलेले, बहुतेक वेळा खारवलेले असतात. 'महमसा' म्हणजे भाजण्याचं दुकान इथे वस्तीवस्तीत असतं. आत मोठं पिंप गरगर फिरत असतं आणि वास रस्त्यापर्यंत येतो. पिस्ते लिंबू-केशरात घोळवलेले, काजू तिखटातले, बदाम मिठातले. भडभुंज्याच्या भट्टीवरचे फुटाणे आणि खारे दाणे आठवावेत, असाच तो वास.

मग घरी भाजायचं कशाला? मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. एकदा ईदच्या आधी एका दुकानातून किलोभर भाजलेले बदाम आणले, आठवड्याने डबा उघडला तर खवट वास. भाजलेल्या बदामाला आयुष्य कमी असतं. बदामात जवळजवळ निम्मं तेल. कच्च्या दाण्यात ते तेल पेशींमध्ये बंद असतं. भाजताना पेशी फुटतात, तेल हवेला लागतं आणि हळूहळू खवट व्हायला लागतं. दुकानातला बदाम कधी भाजला होता हे आपल्याला ठाऊक नसतं. कच्चा मात्र फ्रीजमध्ये वर्षभर उत्तम राहतो. म्हणून कच्चे आणावेत, फ्रीजमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे मूठ-दोन मूठ भाजावेत. इतकं साधं आहे.

साधं, पण पहिल्या दोन खेपा माझ्या वाया गेल्या. कारण माझ्या हाताला दाण्यांची सवय. लोखंडी कढई चांगली तापवायची, दाणे टाकायचे, मध्यम आचेवर परतायचे. दाणे तडतडायला लागतात, सालावर काळे ठिपके पडतात, साल बोटाने सुटायला लागलं की कढई खाली. मग तळव्यावर चोळायचे आणि सुपात पाखडायचे. बदाम मी तसेच भाजले. वरून काळपट झाले, दोन-चार सालं जळाली, आणि चावले तर आत कच्चे, दाताला चिकटणारे.

त्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी कुवेतला आली होती. तिने कढईत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे दाण्यासारखे बोलत नाहीत गं. एखादा फोडून बघ." तिने सुरीने एक बदाम मधोमध चिरला. आतला रंग दुधासारखा पांढरा होता. तिथे मला कळलं की बदाम बाहेरून बघायचाच नसतो. दाण्याचं साल आपल्याला खबर देतं आणि शेवटी आपण ते फेकून देतो. बदामाचं साल मुळातच तपकिरी असतं, त्यावर रंग चढला की नाही हे डोळ्याला दिसत नाही, आणि ते आपण खाणार असतो. शिवाय बदाम जाड. उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला वेळ घेते. आच मोठी केली तर साल जळतं आणि गाभा मागेच राहतो.

त्यानंतर मी ओव्हनकडे वळले. इथल्या बहुतेक भाड्याच्या घरांत चार शेगड्यांच्या खाली ओव्हन असलेली कुकिंग रेंज असते आणि आपल्या बायका तिच्यात जास्तीचे डबे ठेवतात. डबे काढा. ओव्हन 140 अंश सेल्सिअसला तापवा. बदाम ताटात एकाच थरात पसरा, एकावर एक येऊ देऊ नका. दर सात-आठ मिनिटांनी ताट हलवा. वीस मिनिटं झाली की एक फोडा. पांढरा असेल तर थांबा. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा एक फोडा. आतला रंग फिकट बिस्किटासारखा झाला की ताट लगेच बाहेर काढा आणि बदाम दुसऱ्या, गार ताटात ओता. त्याच गरम ताटात ठेवले तर ते बाहेर आल्यावरही भाजत राहतात. म्हणून हवा त्याच्या एक छटा आधीच काढायचे. बाहेर काढताना ते मऊ लागतात, त्यामुळे आणखी पाच मिनिटं ठेवायचा मोह होतो. तो टाळा. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, अगदी मंद आच आणि पंधरा-वीस मिनिटं न थांबता परतणं. रवा भाजताना जसं तिथून हलता येत नाही, तसंच. काप मात्र चार-पाच मिनिटांत होतात, एका फोनच्या अवधीत जळतात.

मंद आचेचा आग्रह चवीपुरता नाही. 'खमंग' हा जो आपला शब्द आहे, त्या वासामागे साखर आणि अमिनो आम्लं यांची उष्णतेत होणारी क्रिया आहे. लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती 1912 साली मांडली. बेसनाच्या लाडवाचं बेसन, चकलीची भाजणी, पावाची खरपूस कड, सगळीकडे तीच. पण साधारण 120 अंशांपुढे त्याच क्रियेत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं द्रव्यही तयार होतं, आणि ते शरीराला चांगलं नाही. 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी ते भाजलेल्या-तळलेल्या पिष्टमय पदार्थांत सापडल्याचं जाहीर केलं. ज्या अमिनो आम्लापासून ते बनतं ते अ‍ॅस्परजिन बदामात भरपूर असतं. आच जितकी जास्त आणि रंग जितका गडद, तितकं ते जास्त. बदाम भाजून खायला घाबरावं असं काही नाही, पण काळपट बदाम 'खरपूस' म्हणून मुलांना देऊ नयेत, हे मी आता ठामपणे सांगते.

मिठाची गोष्ट वेगळी. भाजल्यावर वरून मीठ टाकलं तर ते बरणीच्या तळाशी जातं. पाव किलो बदामांना दोन मोठे चमचे गरम पाणी आणि एक लहान चमचा मीठ घ्या. मीठ विरघळवून बदाम त्यात घोळवा, पंधरा मिनिटं तसेच ठेवा, मग भाजा. पाणी उडतं आणि मिठाचा पांढरट पापुद्रा सालावर घट्ट बसतो. महमसातल्यासारखा बदाम घरी होतो, तोही आपल्याला हवा तितकाच खारट. रात्रभर भिजवलेले बदामही भाजता येतात, फक्त आधी खडखडीत वाळायला हवेत. इथल्या उन्हाळ्यात खिडकीजवळ कापडावर एका दिवसात वाळतात. बाल्कनीत ठेवू नका. 'तोझ' म्हणजे धुळीचं वादळ कधी उठेल सांगता येत नाही.

कोणते बदाम? जगातले पाचांतले चार बदाम कॅलिफोर्नियाचे, तेच इथल्या सुपरमार्केटमध्येही. आकार सारखा, म्हणून भाजायला सोपे. मुबारकियात इराणी मामराही मिळतो. वेडावाकडा, तेलकट, चवीला फार वरचा. मला तो कच्चाच आवडतो, भाजण्यात त्याचा गोडवा दबतो. एखादा बदाम कडू लागला तर थुंकून टाका. कडू बदामातून पोटात सायनाइड तयार होतं, आणि घरगुती भाजण्यावर त्याबाबत विसंबू नये.

या बाजाराशी आपलं नातं जुनं आहे. कुवेती गलबतं खजूर आणि मोती घेऊन मुंबईला यायची, परतताना मलबारचं सागवान, तांदूळ, मसाले न्यायची. 1961 मध्ये दीनार आला, तोवर इथे व्यवहार रुपयातच चालत. आजही मुबारकियातला एखादा म्हातारा दुकानदार हिंदीत भाव सांगतो, तेव्हा मला तो परका वाटत नाही.

बाजारातून आणलेला मेवा गाडीच्या डिकीत मात्र विसरू नका. 21 जुलै 2016 रोजी कुवेतच्या मित्रिबा इथे 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं, आणि ते सावलीतलं. बंद डिकीत त्याहून जास्त. एका दुपारीच तेलाचं नुकसान सुरू होतं. भाजलेले बदाम पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोमट असताना झाकण लावलं तर आत दमटपणा धरतो आणि कुरकुरीतपणा जातो. दोन आठवड्यांत संपतील इतकेच भाजा.

रमजानच्या मध्यावर, तेराव्या ते पंधराव्या रात्री, इथे 'गरगियान' असतं. मुलं गळ्यात कापडी पिशव्या अडकवून गाणं म्हणत दारोदार जातात. गाण्यात त्या घरातल्या मुलाचं नाव घेऊन देवाकडे त्याच्यासाठी आयुष्य मागतात, आणि घरातली बाई पिशवीत मूठभर सुका मेवा आणि गोळ्या टाकते. त्या मेव्यात 'मलब्बस' असतो, साखरेचं कवच चढवलेला बदाम. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला संक्रांतीचा हलवा आठवला. बोरनहाणाला आपण मुलाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि हलवा ओततो, तीच माया इथे पिशवीत पडते.

पूर्वी मी दुकानातल्या तयार पुड्या आणून ठेवायची. आता घरी भाजलेले देते. लहान पोरांना अख्खा बदाम घशात अडकू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी पातळ काप वेगळे ठेवते, आणि बदाम चालतो ना हे त्यांच्या आईला आधी विचारते. आज तेरावा रोजा. पाव किलो बदाम मिठाच्या पाण्यात घोळवून ताटात पसरले आहेत आणि ओव्हन तापतो आहे.