कप होल्डर हा रिकामटेकडा विषय नाही

परवा मी माझ्या भाच्याने पाठवलेले फोटो टाकले. पोरगा अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे त्याने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतलीय. दोन सीटची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार, तिकडे तिला मियाटा म्हणतात. फोटो मात्र गाडीचे नव्हते. बाहेरून विकत आणलेला कप होल्डर त्याने घरी बसून सुधारला, त्याचे होते. खाली आपल्या मंडळींच्या कमेंटी आल्या: "पैसा जास्त झाला की असं होतं." "इथे रस्त्याला खड्डे आणि तुम्ही कप होल्डर घेऊन बसलात." एकाने तर पत्रकारिता संपल्याचंही जाहीर केलं.

संपली नाही, म्हणून उत्तर लिहितोय.

१९९२ सालची गोष्ट. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या एक आजी नातवाच्या शेजारी गाडीत बसल्या होत्या. गाडी १९८९ ची फोर्ड प्रोब, दिसायला झोकदार, स्पोर्टी. पण कप ठेवायला जागा नाही. मॅकडोनाल्ड्सची कॉफी घेतली, नातवाने गाडी बाजूला उभी केली. दूध-साखर घालायची म्हणून आजींनी कप गुडघ्यांत धरला, झाकण ओढलं आणि सगळी कॉफी मांडीवर. कंपनीच्या नियमानुसार ही कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवायची असे. आजी आठ दिवस दवाखान्यात होत्या. भाजलेल्या जागी दुसरीकडची कातडी लावावी लागली. त्यांनी भरपाई मागितली २० हजार डॉलर, कंपनीने देऊ केले ८००.

पुढे १९९४ मध्ये ज्युरीने कंपनीला दोषी धरलं. कॉफीने भाजल्याच्या ७०० हून जास्त तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या. ज्युरीने आजींचीही २० टक्के चूक मोजली, म्हणजे डोळे झाकून निकाल दिला नव्हता. तरी जगाने काय केलं? आजींवर विनोद केले. "कॉफी सांडली म्हणून लाखो डॉलर!" आता परवाच्या कमेंटी परत वाचा. सूर तोच आहे. सोय मागणारा माणूस हास्यास्पद, आणि गैरसोय विकणारा शहाणा.

खटला कॉफीच्या तापमानाचा होता, गाडीचा नव्हता, हे मान्य. पण गाडीत कपाला जागा असती तर तो गुडघ्यांत आला असता का?

स्पोर्ट्स कारच्या दुनियेत एक जुनी मिजास आहे. ही गाडी चालवण्यासाठी आहे, चहा पिण्यासाठी नाही, म्हणे. ऐकायला रुबाबदार वाटतं. पण हीच गाडी माणूस रोज ऑफिसला नेतो, सुट्टीत चार-चार तास चालवतो. त्याला तहान लागणारच. पोर्शेसारख्या कंपनीलाही शेवटी ९११ च्या डॅशबोर्डच्या पट्टीतून बाहेर येणारे होल्डर द्यावे लागले. भाच्याच्या मियाटात कंपनीचे होल्डर आहेत, पण दोन सीटच्या मध्ये, मागच्या बाजूला. गिअर टाकताना चालवणाऱ्याचा कोपर कपावर आदळतो. म्हणून लोक बाहेरचा घेतात, आणि बाहेरचा म्हणजे बहुतेकदा प्लास्टिकची एक कडी.

भाच्याने काय केलं ते नीट बघा. कागदी कप बुडाला निमुळता असतो. सरळ कडीत तो फक्त वरच्या काठावर टेकतो आणि खाली डुलत राहतो. त्याने कडीला खालून तळ दिला, कप जास्त खोल बसेल असं केलं, बुडाशी रबराची रिंग लावली. खडखड थांबावी म्हणून पकडीखाली नमद्याचा तुकडा घातला. मग सहाही गिअर टाकून कोपर लागतो का बघितलं. हँडब्रेक ओढून बघितला. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडली तर होल्डर मध्ये येणार नाही ना, तेही तपासलं. शेवटी थंड पाणी भरून रिकाम्या पार्किंगमध्ये जोरात ब्रेक मारून पाहिले.

मी त्याला म्हटलं, "आता सांडणार नाही ना?" तो म्हणाला, "मामा, सांडणारच. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळलं तरी पाणी २७ अंश कलतं. झाकण लागतंच. होल्डरचं काम कप जागेवर ठेवणं एवढंच."

याला तुम्ही जुगाड म्हणालात. नाही हो. चालतंय ना, मग झालं, हा जुगाड. कुठे चालणार नाही ते शोधणं ही सुधारणा.

आता आपल्याकडे या. गेल्या वर्षी मी एका दुकानातून एसीच्या जाळीला अडकवायचा होल्डर घेतला. दुकानदार म्हणाला, "एकदम मजबूत आहे, साहेब." आंबा घाटात वळणावर जाळीची पट्टी मोडली आणि भरलेली बाटली घरंगळत ब्रेकच्या पायाशी आली. मागे बायको-पोरं होती. बाटली पॅडलखाली अडकली असती तर ब्रेक दाबला गेला नसता. पायाने बाजूला सरकली म्हणून आज हे लिहितोय. एसीची जाळी हवा वळवायला असते, लिटरभर पाणी पेलायला नाही. हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

कुणी म्हणेल, गाडी चालवताना खाऊ-पिऊच नये. गरम चहाबाबत शंभर टक्के मान्य. गाडी थांबवा, टपरीवर उतरून प्या. पण थांबेपर्यंत पाण्याची बाटली कुठे तरी ठेवायची ना?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गाडीत काहीही बसवायला गेलात तर दुकानात तीन प्रश्न विचारा. सुटलं तर पायाशी येईल का? गिअर-हँडब्रेकला अडेल का? एअरबॅगच्या वाटेत आहे का? उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. आणि आज संध्याकाळी आपल्या गाडीत बाटली कुठे असते, ते एकदा बघा. सीटखाली असेल तर आत्ताच काढा.

खड्ड्यांवर मी लिहीतच आलोय, पुढेही लिहीन. पण त्याच खड्ड्यात गाडी आदळली की बाटली उडते कुठे, हाही विषय आपलाच आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंट करा, पण आधी गाडीत बघून या.