नावं ठेवणारा वर्ग

आमच्या दहावीच्या वर्गात तीन संतोष, दोन सुनीता आणि दोन सलीम होते. हजेरी घेताना सर नुसतं 'संतोष' म्हणाले की तीन वेळा 'हजर सर' ऐकू यायचं आणि त्यातला एक संतोष त्या वेळी हटकून नदीवर पोहत असायचा. तेव्हा टोपणनावं ही आमच्याकडे हौस नव्हती, गरज होती. ती कोण ठेवायचं हे कधीच कळलं नाही. सोमवारी एखादा पोरगा शाळेत यायचा आणि शनिवारपर्यंत त्याच्या आईलासुद्धा त्याचं नवं नाव कळलेलं असायचं.

गोष्ट १९९१ ते १९९३ ची, नववी-दहावीची. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मराठी माध्यमाची शाळा, पत्र्याचे वर्ग. बावन्न पोरं, त्यातले आम्ही मुसलमान सहा. बाकावर बसवायची पद्धत उंचीप्रमाणे होती, त्यामुळे मी दोन वर्षं एका पुजाऱ्याच्या मुलाशेजारी बसलो. त्याला आम्ही मौलाना म्हणायचो.

कारण साधं होतं. नववीच्या दिवाळीनंतर त्याला दाढी आली. आम्ही ओठावर ब्लेड फिरवून मिशीची वाट बघत होतो आणि हा एकदम भरगच्च दाढी घेऊन हजर! शिवाय त्याला प्रवचन देण्याची खोड. बीडी ओढू नये, पोरींच्या रांगेकडे बघू नये, डबा चावून खावा. आमच्या मोहल्ल्यातल्या खऱ्या मौलानांनी आम्हाला कधी इतकं छळलं नव्हतं. एकदा तो माझ्या घरी आला तेव्हा अम्मीनं विचारलं, "नाव काय रे बाळा तुझं?" मी चटकन म्हणालो, "मौलाना." अम्मीनं डोक्यावरचा पदर सावरला आणि त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

मी होतो पंडित. आठवीत अब्बांना शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं की संस्कृतात मार्क चांगले पडतात. अब्बा शिलाईकाम करायचे. त्यांना मापात बसणारी कुठलीही गोष्ट पटायची. मोहल्ल्यात दोघा-तिघांनी हटकलं, "छोकऱ्याला संस्कृत कशाला?" अब्बा मशीन न थांबवता म्हणाले, "छोरा पास हुआ तो बस." त्यामुळे पुजाऱ्याचा पोरगा हिंदी घेऊन बसला आणि मी ओट्यावर बसून मोठमोठ्यानं विभक्त्या घोकायला लागलो. शेजारची खाला अम्मीला काळजीनं विचारायची, "याला काही झालंय का?"

तिसरा आमचा बीबीसी. त्याच्याकडे सगळ्या बातम्या असायच्या आणि बहुतेक सगळ्या चुकीच्या. पेपर फुटलाय, भूमितीच्या सरांची बदली झालीय, चाचणी रद्द झालीय. चाचणीच्या बातमीवर विश्वास ठेवून अर्धा वर्ग अभ्यास न करता आला आणि बीबीसी स्वतः मात्र अभ्यास करून आला होता. त्याला त्याचं स्पष्टीकरण कधीच देता आलं नाही. ४ मार्च १९९२ ला वर्ल्डकपमध्ये भारतानं सिडनीत पाकिस्तानला ४३ धावांनी हरवलं, तेव्हा मी खरंच टाळ्या वाजवल्या का, हे बघायला तो माझ्यासमोर येऊन बसला. मी म्हटलं, "काय बघतोस?" म्हणाला, "बातमीची खात्री करतोय." आम्ही दोघंही हसलो. आज हे सांगताना मला तितकं हसू येत नाही, पण तेव्हा आलं होतं, हेही खरं.

डायजेस्ट नावाचा एक महाभाग होता. मामाचं पुस्तकांचं दुकान, त्यामुळे त्याच्याकडे सगळी गाइडं. ती तो तासाला चार आण्यांनी भाड्यानं द्यायचा. गणिताच्या तासाला आठ आणे. १९९३ च्या मार्चमध्ये रमजान आणि आमचा अभ्यास एकाच वेळी आले, तेव्हा त्यानं मला महिनाभर गाइड फुकट दिलं. "उपाशी माणसाकडून भाडं घेत नाही," म्हणाला. ईद झाल्या दिवशी वाटीभर शीरखुर्मा प्याला आणि दुसऱ्या दिवसापासून भाडं चालू.

पोरींशी बोलायची पद्धत नव्हती, पण नावं त्यांनाही होती. अत्तरवाल्यांची मुलगी रोज प्रार्थनेनंतर माइकवर दिनविशेष वाचायची, ती आकाशवाणी. मराठीत तिच्या जवळपासही कुणी पोहोचत नव्हतं. घरात दखनी बोलणारी पोरगी निबंधात अशी मराठी लिहायची की बाई तो निबंध दुसऱ्या तुकडीतही वाचून दाखवायच्या. आणि एक होती लॉगटेबल. वाडीवरून चार किलोमीटर चालत यायची. लॉग २ म्हणजे .३०१०, लॉग ३ म्हणजे .४७७१, हे तिला पुस्तक न उघडता पाठ होतं आणि त्यापुढचं ती तोंडी काढायची. सर फळ्यावर गणित मांडत असताना तिचं उत्तर तयार असायचं. सर चुकले तर ती काही बोलायची नाही, नुसती पेन खाली ठेवायची. मग सर मागे वळून आपलं गणित तपासायचे.

मराठीत 'नावं ठेवणं' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. बारशाला ठेवतात ते एक आणि पाठीमागे ठेवतात ते दुसरं. आमच्या वर्गात दोन्ही एकाच वेळी चालायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यासाठी माणूस रोज समोर लागतो. त्याची दाढी कधी आली, त्याचा डबा कसला, तो कुठल्या सरांना घाबरतो, हे माहीत असल्याशिवाय टोपणनाव सुचत नाही. ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याला फक्त शिवी देता येते.

आणि हे मला कळलं ते जानेवारी १९९३ मध्ये, एसटी स्टँडवर.

डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली होती आणि जानेवारीत मुंबई पुन्हा पेटली होती. आमच्या गावची निम्मी घरं मुंबईच्या पगारावर चालायची. रात्रीच्या गाड्यांनी लोक गाठोडी घेऊन गावी परतत होते. मी, मौलाना आणि बीबीसी सकाळी पेपर आणायला स्टँडवर गेलो. बीबीसी स्टॉलवर पुढं गेला आणि सवयीनं तिथून ओरडला, "ए मौलाना, चल की लवकर!"

आमच्या बाजूला तीन-चार माणसं उभी होती. रात्रभर न झोपलेली, डोळे लाल. त्यातल्या एकानं मौलानाची कॉलर धरली. "नाव काय रे तुझं?" त्यानं आडनावासकट सांगितलं. त्या माणसानं दाढीकडे बघितलं, विश्वास ठेवला नाही. मौलानानं थरथरत्या हातानं शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि जानवं दाखवलं. मग तो माणूस माझ्याकडे वळला. "आणि हा?"

मी तोंड उघडायच्या आत बीबीसी धावत आला आणि म्हणाला, "हा? हा पंडित. संस्कृत आहे त्याला."

"पंडित? म्हण बघू काहीतरी."

मी म्हटलं. रामः रामौ रामाः. द्वितीयेपर्यंत गेलो, तेव्हा त्यानं हात झटकला आणि गाठोडं उचललं.

परत येताना कुणी बोललं नाही. मौलाना बटणं लावायची विसरला होता. मी माझं नाव सांगितलं नाही, याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही, फार नंतर वाटली. आणि त्या माणसांचं मुंबईत काय गेलं होतं, हेही मी फार नंतर मनाशी विचारलं. पण एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. सकाळची बातमी दुपारपर्यंत गावभर करणाऱ्या बीबीसीनं ही बातमी कुणालाही, अगदी डायजेस्टलाही, सांगितली नाही. त्यानं दाबलेली ती एकच बातमी. मौलानाला दोन महिने आम्ही त्याच्या खऱ्या नावानं हाक मारत होतो. फार अवघडल्यासारखं व्हायचं. शेवटच्या पेपरानंतर त्यानंच वैतागून विचारलं, "मी काय मेलोय का? नीट हाक मारा की!"

निकाल जूनमध्ये लागला. लॉगटेबल शाळेत पहिली आली, गणितात १५० पैकी १४७. गुणपत्रिका न्यायला तिचा भाऊ आला होता, कारण तिचं वैशाखातच लग्न झालं होतं. वय सोळा. आकाशवाणी पुढे डी. एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. 'तुमच्यात मुलींना शिकवत नाहीत' हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला या दोघी आठवतात. मोहल्ल्यात लवकर उजवलेल्या मुली मी पाहिल्या नाहीत असं नाही, भरपूर पाहिल्यात. पण आमच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या तेव्हा गावातल्या एकाही शहाण्याला, आमच्या सरांनाही, काही वावगं वाटलं नाही. सगळे जेवून आले. मीही जेवलो, बुंदी चांगली होती.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मौलाना पुण्यात बँकेत आहे, दाढी रोज तुळतुळीत. डायजेस्टचं मंगल कार्यालय आहे, भाडं तासावरच. आणि बीबीसी? बीबीसीला स्मार्टफोन म्हणजे स्वतःचं केंद्रच मिळालं. गेल्या महिन्यात त्यानं एक मेसेज टाकला. 'ते' लोक किती पोरं काढतात, अमुक सालापर्यंत 'आपण' अल्पसंख्य होणार, जागे व्हा वगैरे. मी वाचला. खाली मी वाचल्याची निळी खूणही त्याला दिसली असेल. तासाभरानं त्याचा मला वेगळा मेसेज आला, "पंडित, हे तुझ्याबद्दल नाही हां."

मी ग्रुप सोडायला निघालो होतो. आमच्यातले अनेकजण असे ग्रुप सोडतात आणि मी त्यांना दोष देत नाही. पण तेवढ्यात लॉगटेबल बोलली. ती ग्रुपवर सगळ्यात शेवटी आली, डीपीला नातवाचा फोटो, सहसा काही लिहीत नाही. तिनं लिहिलं, "भाऊ, हिशोब जुळत नाही. प्रत्येकानं आपल्याला मुलं किती ते लिहा. आधी वर्गातली आकडेवारी बघू."

लोकांना गंमत वाटली, आकडे पडायला लागले. मौलाना दोन. डायजेस्ट दोन. मी दोन. आकाशवाणी एक. दोन्ही सलीम, दोन-दोन. लॉगटेबल तीन. बीबीसी बराच वेळ टायपिंग करताना दिसत होता. शेवटी लिहिलं, "चार. तीन मुली, एक मुलगा." लॉगटेबलनं त्यावर काहीच लिहिलं नाही. मला खात्री आहे, तिनं पेन खाली ठेवलं असणार.

देशाचा हिशोब हवा असेल तर तोही आहे. पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली १९९२-९३ मध्ये, म्हणजे आम्ही दहावीत असतानाच. तेव्हा मुसलमान स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू स्त्रीमागे ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे सुमारे २.४ आणि १.९ झाले. दोन्हीकडे घट आणि अंतर निम्म्याहून कमी. पण हे आकडे मी ग्रुपवर टाकले असते तर बीबीसीनं आणखी एक मेसेज आणला असता. लॉगटेबलला त्याला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तिला तो कोण आहे हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीबीसीनं गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' पाठवलं. मी हात जोडले.

आमचा वर्ग फार थोर होता असं सांगण्यात अर्थ नाही. बावन्नातल्या एका मुलाला आम्ही टोपणनाव ठेवलंच नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतून यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. त्याला सगळे पूर्ण नावानं हाक मारायचे. मला वाटायचं, हा मान आहे. तो ग्रुपवर नाही, त्याचा नंबर कुणाकडेच नाही.

आणि माझं स्वतःचं काय? माझा धाकटा नववीत आहे. पुण्यात आपल्याच लोकांनी चालवलेली इंग्रजी शाळा आहे, तिथे घातलाय. वातावरण चांगलं, दीनी तालीमही होते, कुणी कॉलर धरणार नाही. घालताना मी स्टँडवरची ती सकाळ आठवूनच घातला. त्याच्या वर्गात ज्याच्या घरी गणपती बसतो असा एकही मुलगा नाही. मौलानाची मुलगी ज्या शाळेत जाते तिथे शीरखुर्मा म्हणजे काय हे मौलानालाच समजावून सांगावं लागतं. आम्ही दोघं एकमेकांपासून वीस मिनिटांवर राहतो. आम्ही दोघांनीही मुलांचं भलंच बघितलं.

दिवाळीनंतर बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय, डायजेस्टच्या कार्यालयात. त्या शेवटच्या बाकावरच्या मित्राचा नंबर शोधायचं काम लॉगटेबलनं बीबीसीला लावलंय. मौलाना म्हणाला, पोरांनाही आणा. मी धाकट्याला विचारलं, येतोस का? तो म्हणाला, "मला तिथे कोण ओळखणार?"

म्हटलं, "कुणीही विचारलं तर सांग, पंडितचा मुलगा."

तो मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "पण अब्बा, आपण पंडित कुठे आहोत?"